पानं गाळणारं सूचिपर्णी झाड: तोडायच्या आधी ओळखायचं कसं

आमच्या बॅकयार्डच्या कोपऱ्यातलं उंच झाड नोव्हेंबरमध्ये आधी विटकरी झालं आणि मग पंधरा दिवसांत उघडं पडलं. न्यू जर्सीतलं हे घर आम्ही त्याच वर्षी मे महिन्यात घेतलं होतं. तेव्हा झाड हिरवंगार, पिसासारख्या मऊ पानांचं होतं. ऑगस्टमध्ये सासूबाई गुहागरहून आल्या आणि त्यांनी बघताक्षणी निकाल दिला, "अगं, हा तर सुरू!" नवऱ्याच्या मते तो ख्रिसमस ट्री. मला पाइन वाटत होता, पण मी बोलले नाही. झाडं तोडणारा माणूस आला, मान वर करून त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, पाइनची पानं गळली म्हणजे पाइन मेला. तोडायचे दोन हजार चारशे डॉलर, बुंधा खणून काढायचे वेगळे.

आकडा ऐकून आम्ही 'कळवतो' म्हणालो. झाड वाचलं ते आमच्या वृक्षप्रेमामुळे नव्हे, चिक्कूपणामुळे.

चूक तशी आमच्या एकट्याची नव्हती. शाळेच्या भूगोलात 'सूचिपर्णी' हा शब्द आला की मागोमाग 'सदाहरित' यायचाच. परीक्षेत तेच लिहून मार्क मिळवले. प्रत्यक्षात सैबेरियाच्या पूर्वेकडची प्रचंड अरण्यं लार्चची आहेत, आणि लार्च हिवाळ्यात सगळी पानं गाळून उघडा उभा राहतो. पानं गाळणारी सूचिपर्णी झाडं जगात मोजकीच. प्रजाती धरल्या तर लार्च, गोल्डन लार्च, डॉन रेडवुड, बाल्ड सायप्रस आणि त्याचा चिनी भाऊबंद. अमेरिका-कॅनडातल्या घरांच्या आवारात बहुतेक वेळा यातली तीनच भेटतात: लार्च, डॉन रेडवुड आणि बाल्ड सायप्रस. म्हणजे काम वाटतं तितकं अवघड नाही. मला मात्र ते करायला जानेवारी उजाडला, कारण मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. तुम्ही करू नका.

पहिलं काम: झाड जिवंत आहे का

नाव नंतर. पेन्सिलीएवढी जाड, हाताला येणारी एक फांदी धरा आणि अंगठ्याच्या नखाने तिची साल किंचित खरवडा. खाली हिरवट आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं, भुशासारखं निघालं तर ती फांदी मेलेली. मी 'ती फांदी' म्हणतेय, 'झाड' नाही. झाडाच्या चारही बाजूंनी, निदान पाच-सहा ठिकाणी खरवडून बघा. जिवंत काडी वाकते, मेलेली कट्‌कन मोडते. काडीवर बारीक, घट्ट मिटलेले डोळे दिसतायत का तेही बघा. पुढच्या वसंतातली पालवी त्यांतच असते.

आता पानं कशी गळली ते आठवा. स्वभावानेच पानं गाळणारं झाड शरद ऋतूत सगळीकडून एकदम रंग बदलतं आणि दोन-तीन आठवड्यांत मोकळं होतं. आजारी पाइन किंवा स्प्रूस असं शिस्तीत जात नाही. एखादी फांदी आधी तांबूस पडते, मग शेजारची, आणि सुकलेल्या सुया महिनोन्‌महिने तशाच चिकटून राहतात. आणखी एक फसवणूक सांगते. सदाहरित पाइनसुद्धा दर शरदात आपल्या आतल्या, जुन्या सुया पिवळ्या करून टाकतो. व्हाइट पाइनचं हे रूप पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतोच. पण त्यात फांद्यांची टोकं हिरवी असतात आणि फक्त खोडाकडचा भाग पिवळा पडतो. तो पाइन आजारी नाही, म्हातारी पानं गाळतोय एवढंच.

आमच्या झाडावर मी आठ ठिकाणी नख लावलं. आठही ठिकाणी हिरवं. त्या संध्याकाळी नवऱ्याने तोडणाऱ्याला नको म्हणून मेसेज केला.

दुसरं: खाली पडलेलं गोळा करा

लोक वर बघतात. मीही बघत होते. झाडाची निम्मी ओळख गवतात पडलेली असते. गुडघ्यावर बसा आणि झाडाखालचा कचरा हातात घ्या.

तिथे सुट्या सुया पडल्यात की अख्खी पिसं? लार्चच्या सुया एकेक सुट्या गळतात, पिवळट, दोन ते चार सेंटिमीटर लांब. गवतावर कुणी शेवया सांडल्यासारखं दिसतं. डॉन रेडवुड आणि बाल्ड सायप्रस सुट्या सुया गाळत नाहीत. त्यांची मधली बारीक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चपट्या, मऊ सुया असं सगळं मिळून एक पीस होतं आणि ते पीस अख्खं गळतं. आमच्या गवतात पिसंच पिसं होती, तांबूस, बोटाएवढी. एका मिनिटात लार्चचं सगळं घराणं बाद झालं.

सासूबाईंच्या सुरूचा निकालही इथेच लागतो. सुरूची 'सुई' हे पान नसतंच. ती हिरवी बारीक काडी असते, पेरापेरांची. कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ती पेरं ओढून सुटी केली आहेत आणि परत जोडून 'सांग कुठे तोडलंय' हा खेळ खेळला आहे. प्रत्येक पेराच्या सांध्यावर जे बारीक दात दिसतात, ती सुरूची खरी पानं. सुरू मुळात सूचिपर्णी नाही, तो फुलं येणाऱ्या झाडांतला. न्यू जर्सीच्या थंडीत तो उघड्यावर टिकणारही नाही. पण फ्लोरिडात किंवा ऑस्ट्रेलियात राहत असाल तर काडी ओढून बघाच. पेर सुटलं तर सासूबाई बरोबर.

जिंकोचा गोंधळही काहींचा होतो, कारण पुस्तकांत तो सूचिपर्णींच्या शेजारी बसवलेला असतो. त्याचं पान पंख्यासारखं पसरट. ते हातात आलं तर हा लेख इथेच सोडा.

तिसरं: तुळस की जास्वंद

पिसं सापडली असतील तर आता सगळा निकाल एका प्रश्नावर आहे. सुया समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक?

हे कळायला वनस्पतिशास्त्र नको. तुळशीची काडी आठवा. एक पान इकडे तर बरोबर त्याच्या समोर दुसरं, आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी. आता जास्वंदीची फांदी आठवा. एक पान डावीकडे, थोडं वर गेल्यावर एक उजवीकडे, अशी जिन्यासारखी चढत जाणारी. डॉन रेडवुड म्हणजे तुळस. बाल्ड सायप्रस म्हणजे जास्वंद.

पीस खिडकीच्या काचेला लावून किंवा आकाशाकडे धरून बघा, उजेड मागून यायला हवा. टोकाकडे बघू नका, तिथे सुया दाटीवाटीने असतात. बुडाशीही नको. मधला भाग धरा आणि एका सुईच्या देठावरून नख आडवं सरकवा. नख पलीकडच्या सुईच्या देठाला लागतं की दोन सुयांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतं?

मी इथेच महिनाभर चुकले. डॉन रेडवुडची सुई बुडाशी किंचित पिळलेली असते, त्यामुळे जोडीतली एक सुई केसभर पुढे आल्यासारखी दिसते. सुकलेल्या पिसात तर जास्तच. मी ते 'एकाआड एक' धरलं आणि फोनमधल्या ॲपनेही बाल्ड सायप्रस सांगितलं, म्हणून खूश होऊन बसले. नंतर भिंगाखाली एकाच पिसातल्या वीस सुया मोजल्या. दहा जोड्या, एकही सुई एकटी नाही. एका सुईवर जाऊ नका, दहा-वीस बघा.

शंका उरलीच तर पिसाकडून त्याच्या वरच्या पायरीकडे या. पिसं ज्या काडीवर लागली आहेत, त्या काडीवर ती जोडीने आहेत का? डॉन रेडवुडमध्ये पिसंही समोरासमोर आणि बाजूचे डोळेही समोरासमोर. भर हिवाळ्यात, झाडावर एक पान नसताना, हाच पुरावा शिल्लक असतो. डोळ्यांची आणखी एक गंमत आहे. एरवी झाडाचा डोळा पानाच्या काखेत, म्हणजे वरच्या बाजूला असतो. डॉन रेडवुडमध्ये तो पुष्कळदा पिसाच्या खालच्या अंगाला सापडतो. हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक सूचना. तिथला कोस्ट रेडवुडही पिसांसारख्या फांद्यांचा, पण तो सदाहरित. त्याच्या सुया कडक आणि एकाआड एक असतात. जानेवारीत हिरवा असेल तर तो डॉन नव्हे. पूर्वेकडे हेमलॉक आणि यू या झाडांच्या चपट्या सुयांनीही फसायला होतं. तीही दोन्ही सदाहरित.

ही जोडीची खूण इतकी महत्त्वाची का

इथे थोडी वाट वाकडी करते, कारण ही गोष्ट कळल्यावर माझा त्या झाडाकडे बघण्याचा सूरच बदलला.

1941 मध्ये शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने काही जीवाश्मांना मेटासिक्वोया असं नवं नाव दिलं. तोवर असे अवशेष रेडवुडचे किंवा बाल्ड सायप्रसचे समजून कप्प्यात ठेवले जात. मिकींनी ते वेगळे काढले, कारण सुया जोडीने होत्या, शंकूचे (म्हणजे बिया धरणाऱ्या लाकडी 'कोन'चे) खवले जोडीने होते आणि शंकूला लांब देठ होता. झाड कधीच नामशेष झालेलं, असं सगळे धरून चालले होते.

त्याच 1941 सालच्या हिवाळ्यात गान द्वो हे चिनी वनतज्ज्ञ मध्य चीनमधल्या मोदाओशी नावाच्या गावातून जात होते. तिथे त्यांना एक अवाढव्य अनोळखी झाड दिसलं. गावकऱ्यांनी झाडाच्या पायथ्याशी लहानसं देऊळ बांधलेलं होतं, आपल्याकडे वडा-पिंपळाखाली म्हसोबा असतो तसं. पण हिवाळा होता आणि झाडावर पान नव्हतं, म्हणून त्यांनी नमुना घेतला नाही. हे वाचताना मला आमचा नोव्हेंबर आठवला. 1943 मध्ये वांग झान यांनी नमुने गोळा केले, पण त्यांना तो चिनी जलसायप्रस, म्हणजे बाल्ड सायप्रसचा तो चिनी भाऊबंद, वाटला. पुढे जंग वानजुन आणि हू श्येनसू या दोघांच्या हाती नमुने आले, सुयांच्या आणि खवल्यांच्या जोड्या लक्षात आल्या, आणि हे मिकींच्या जीवाश्मातलंच झाड जिवंत उभं आहे हे कळलं. 1948 मध्ये त्यांनी त्याचं नामकरण केलं, मेटासिक्वोया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडीस. हाच आपला डॉन रेडवुड. बॉस्टनच्या आर्नल्ड अर्बोरेटमचे एल्मर मेरिल यांनी बिया गोळा करायला 250 डॉलर पाठवले होते. त्या बिया 1948 च्या जानेवारीत अमेरिकेत पोचल्या आणि तिथून जगभरच्या बागांना वाटल्या गेल्या.

म्हणजे आमचं झाड पाडायला मागितलेल्या पैशाच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात ही सगळी जात समुद्र ओलांडून आली होती. तेव्हाच्या डॉलरची किंमत वेगळी होती हे मान्य, तरी मला हा हिशेब आवडतो.

यातून एक कामाची युक्तीही मिळते. 1948 च्या आधी अमेरिकेत हे झाड कुणाच्याही अंगणात असू शकत नाही. तुमचं घर 1920 चं असेल आणि तेव्हाच्या एखाद्या फोटोत ते झाड वाढलेलं दिसत असेल, तर डॉन रेडवुड हे उत्तर चूक. आमचं घर 1961 चं, त्यामुळे शक्यता शाबूत राहिली. खोडाच्या जाडीवरून वयाचा अंदाज मात्र बांधू नका. हे झाड फार भराभर वाढतं आणि पन्नास वर्षांचं असताना दीडशेचं वाटतं.

चौथं: खोड आणि बुंधा

झाडापासून चार पावलं मागे जा. डॉन रेडवुडचं खोड खाली रुंद असतं आणि वर झपाट्याने निमुळतं होतं. बुंध्याला उभ्या पन्हळी असतात, एखाद्या पैलवानाच्या ताणलेल्या मांडीसारख्या. फांदी खोडाला जिथे मिळते त्याच्या खाली एक खळगा असतो, काखेसारखा. आमच्या झाडाच्या सगळ्यात खालच्या खळग्यात माझी मूठ मावते. साल तांबूस तपकिरी आणि उभ्या पट्ट्यांनी सोलली जाणारी.

बाल्ड सायप्रसचा बुंधाही खाली फुगीर असतो, सालही पट्ट्यांनी सुटते, पण काखेचे ते खोल खळगे नसतात. त्याचे 'गुडघे' प्रसिद्ध आहेत, म्हणजे मुळांवरून जमिनीबाहेर वर आलेली खुंटं. लुइझियानाच्या दलदलीचे फोटो पाहिले असतील तर आठवतील. पण गुडघे येतात ते मुख्यतः पाणथळ जमिनीत. कोरड्या अंगणातल्या सायप्रसला ते येतीलच असं नाही. त्यामुळे गुडघे दिसले तर सायप्रस, पण दिसले नाहीत तर त्यावरून काहीच ठरत नाही. हा नियम ओळख पटवताना सगळीकडेच लावा. असलेली खूण बोलते, नसलेली खूण गप्प असते.

जाता जाता, बाल्ड सायप्रस हे चिवट प्रकरण आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक रिव्हरच्या काठी एका झाडाचं वय वर्तुळं मोजून निदान 2,624 वर्षं निघालं, हे 2019 मध्ये जाहीर झालं.

पाचवं: शंकू

शंकू मिळाला तर भांडणच संपलं. डॉन रेडवुडचा शंकू लहान, दोन-अडीच सेंटिमीटरचा, आणि लांब देठाला लोंबणारा. त्याचे खवले जोड्याजोड्यांनी एकमेकांना आडवे असतात. उघडला की मिटलेल्या ओठांच्या रांगा किंचित उघडल्यासारख्या दिसतात. बाल्ड सायप्रसचा शंकू गोल, हिरवा असताना कच्च्या लिंबासारखा, देठ जवळजवळ नाहीच. पिकला की तुकडे होऊन पडतो, म्हणून गवतात अख्खा शंकू न मिळता वेडेवाकडे खवले मिळतात. ते चिकट असतात आणि त्यांना राळेचा वास येतो. खारी त्यावर तुटून पडतात.

शंकू नसले तर निराश होऊ नका, लहान झाडांना ते येत नाहीत. आमच्या झाडाला होते. देठासकट तीन शंकू छताच्या पन्हळीत अडकलेले सापडले, तेही नवऱ्याने पाणी तुंबलं म्हणून शिडी लावली तेव्हा.

तुमच्या गवतात सुट्या सुया होत्या का

मग तुम्ही लार्चच्या वाटेवर आहात. फांदी हातात घ्या. जुन्या भागावर थोड्या थोड्या अंतरावर बुटक्या गाठी दिसतील, शर्टाला बटणं लावावीत तशा. प्रत्येक गाठीतून पंधरा-वीस ते चाळीसपर्यंत सुयांचा झुबका निघतो. यंदाच्या नव्या, टोकाच्या काडीवर मात्र सुया सुट्या, एकेक असतात. म्हणून फक्त टोक बघून ठरवणारा हमखास चुकतो. हिवाळ्यात सुया नसल्या तरी गाठी असतातच, बोट फिरवलं की खडबडीत लागतं.

पाइनच्या सुयाही झुबक्यात असतात, पण तिथे एका झुबक्यात दोन, तीन किंवा पाच सुया असतात आणि बुडाशी बहुधा पातळ आवरण असतं. हिमाचलला जाऊन आलेल्यांना ह्या गाठी बघून देवदार आठवेल. बरोबर आठवला, देवदारालाही अशाच गाठी असतात. फरक असा की देवदाराच्या सुया कडक, टोचणाऱ्या आणि बारा महिने हिरव्या. लार्चच्या सुया मे महिन्यात गालावरून फिरवल्या तरी टोचत नाहीत.

लार्चमधला कोणता, हे शंकूंवरून कळतं. सोय अशी की ते गळत नाहीत, वर्षानुवर्षं फांदीवर तसेच बसून राहतात. शंकू जेमतेम नखाएवढा, खवले थोडे, तर टॅमरॅक. हा इथलाच, उत्तरेकडच्या दलदलींतला. शंकू दोन ते चार सेंटिमीटरचा, खवले सरळ, काड्या गवताच्या काडीसारख्या पिवळट, तर युरोपीय लार्च. खवल्यांची टोकं बाहेर वळलेली, लाकडाचं छोटं गुलाबाचं फूल कोरल्यासारखी, काड्या तांबूस, तर जपानी लार्च. नर्सरीवाल्यांनी संकर करून विकलेली झाडं या तिन्हींत नीट बसत नाहीत. तिथे 'लार्च' एवढ्यावर समाधान मानावं.

शंकू झाडावरच पाकळ्या सुटून विस्कटत असतील, सुया लार्चपेक्षा रुंद आणि लांब असतील, तर गोल्डन लार्चची शक्यता बघा. क्वचित भेटतो. त्याचं शरदातलं सोनेरी रूप सगळ्यांत देखणं, असं माझं मत.

भारतातही लार्च आहे बरं का. सिक्कीम, अरुणाचलच्या उंचावर, शेजारी भूतान आणि नेपाळमध्येही. तिकडे उशिरा शरदात गेलात आणि हिरव्या फरच्या मधे पिवळी धमक झाडं दिसली, तर ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. आपल्या महाराष्ट्रातल्या अंगणात सूचिपर्णी म्हणजे वहीत पान ठेवायचं ते 'विद्या'चं झाड, म्हणजे मोरपंखी, आणि ते सदाहरित. आपला गोंधळ होणारच.

रंगावर आणि ॲपवर किती विसंबायचं

रंग शेवटी बघा. लार्च पिवळा होतो हे खरं, पण डॉन रेडवुड आणि बाल्ड सायप्रस दोघेही तांबूस-विटकरी छटांत फिरतात आणि वर्षागणिक छटा बदलते. पालवीची वेळ जास्त उपयोगी. एकाच भागात दोन्ही असतील तर डॉन रेडवुड आधी हिरवा होतो, बाल्ड सायप्रस बराच रेंगाळतो. इतका, की मे उजाडेपर्यंत लोक त्यालाही मेलेला समजतात.

ॲपचं म्हणाल, तर माझ्या फोनने एकाच झाडाला तीन नावं दिली: लांबून काढलेल्या फोटोवर कोस्ट रेडवुड, फांदीच्या फोटोवर हेमलॉक, पिसाच्या फोटोवर बाल्ड सायप्रस. दोष ॲपचा कमी, फोटोंचा जास्त. पुढचे फोटो काढा: पिसाची खालची बाजू, उजेड मागून. पीस काडीला जिथे जोडलंय तो सांधा. डोळा. शंकू आणि त्याचा देठ. बुंधा. शेवटी अख्खं झाड. बारीक वस्तूंच्या शेजारी क्वार्टरचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 24 मिलिमीटरच्या किंचित वर असतो, त्यामुळे मोजपट्टी शोधावी लागत नाही. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायच्या ॲपवर) टाकत असाल तर 'लावलेलं झाड' अशी नोंद करायला विसरू नका, नाहीतर जंगलातली जात समजून लोक वेगळ्याच दिशेला जातात.

तरीही खात्री हवी असेल तर आपल्या काउंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणारं कार्यालय, गाठा. न्यू जर्सीत ते रटगर्स विद्यापीठाचं. तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक नमुने बघून सांगतात. हातभर लांबीची काडी, पिसं आणि शंकू वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं तर दोन दिवसांत बुरशी येते आणि सुया काडीवरून सुटतात. मग जोड्या मोजणार कशाच्या?

नाव कळल्यावर

डॉन रेडवुड तीस मीटरच्या वर जाऊ शकतो. तो घराच्या भिंतीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा आणि छताकडे झुकलेल्या मेलेल्या फांद्या असतील तर परवानाधारक आर्बरिस्टकडून, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडून, उतरवून घ्या. झाडं तोडणारा आणि आर्बरिस्ट ही दोन वेगळी माणसं असतात. आर्बरिस्टला बोलावतानाच झाडाचं नाव सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आणि एखादं झाड खरंच काढायचं ठरलं तर आधी टाउनशिपला फोन करा, बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. कडक उन्हाळ्यात पाऊस नसेल तेव्हा मुळांना सावकाश, खोलवर पाणी द्या, पाणथळीची सवय असलेली ही जात आहे. गळलेली पिसं पोत्यात भरून फेकू नका. ती मऊ असतात आणि गुलाबांच्या मुळाशी पसरली की लवकर कुजतात. छताच्या पन्हळींवर जाळी मात्र बसवून घ्या, आमच्या दोनदा तुंबल्या.

फेब्रुवारीत समोरच्या घरातले आजोबा फाटकाशी थांबले. त्यांच्या ड्राइव्हवेजवळचं झाड त्यांना काढायचं होतं, गेली दोन वर्षं मेपर्यंत त्याला पान फुटत नाही म्हणे. मी बर्फ बाजूला सारून खालचं एक पीस उचललं आणि आकाशाकडे धरलं. एक डावीकडे, जरा वर एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जास्वंद. खिशातलं भिंग काढून मी त्यांच्याकडे दिलं आणि म्हटलं, तुम्हीच मोजा.